माझ्या पोरीच्या इसबाचा आकडा

अकरा पूर्णांक तीन. माझ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या अंगावर जे इसब आहे, त्याचा हा आकडा एका डॉक्टरीणबाईंनी मोबाईलवर काढला आणि केसपेपरवर लिहिला. पुढे कंसात लिहिलं, मध्यम. त्या दिवसापासून हा शब्द माझ्या कानाला सहन होत नाही. हॉटेलात वेटरने भाजी मध्यम तिखट करू का विचारलं, तरी माझं डोकं फिरतं.

माझा राग आकड्यावर नाही. आकड्यांवरच माझं पोट आहे. तळवड्यात माझं स्वतःचं शेड आहे. चाकणच्या आणि भोसरीच्या कंपन्यांना लागणारे रबराचे, प्लॅस्टिकचे बारके भाग माझ्याकडे पेट्या भरून येतात. माझ्याकडच्या चौदा बायका ते एकेक करून डोळ्यांखालून घालतात, चांगले एका ट्रेमध्ये, वाईट दुसऱ्यात. लग्न होऊन धाराशिवकडून इकडे आले तेव्हा मी ठेकेदारामार्फत चाकणच्या एका कंपनीत हेच काम करायला उभी राहिले होते. शब्दशः उभी. बसायला स्टूल मागितलं तर सुपरवायझर म्हणाला होता, बसलं की झोप लागते. पुढे स्वतःचं शेड टाकलं तेव्हा पहिल्यांदा चौदा स्टुलं आणली, मग टेबलं. कंपन्यांच्या खरेदी खात्यातल्या पुरुषांशी घासाघीस करून करून माझा आवाज असा झालाय की साधं 'चहा घे' म्हटलं तरी समोरच्याला दरडावल्यासारखं वाटतं.

आमच्या कामात चांगलं आणि वाईट यांच्या मधोमध एक नमुना असतो. त्याला लिमिट सॅम्पल म्हणतात. कंपनीचा क्वालिटीचा माणूस एक भाग निवडतो, ज्यावर ओरखडा आहे पण चालण्यासारखा आहे. तो पिशवीत घालून पिशवीवर सही करतो आणि ती पिशवी टेबलावर टांगतो. त्याहून मोठा ओरखडा दिसला तर भाग बाद. हे काम शिकवताना पहिल्याच दिवशी सांगतात की पांढऱ्या भागाचा नमुना काळ्या भागाला लावायचा नाही. पांढऱ्या झाकणावरचा डाग लांबून ओरडून सांगतो. काळ्या रबरावरचा ओरखडा समोरच्या उजेडात दिसतच नाही. दिवा आडवा धरावा लागतो, भाग तिरका करावा लागतो, कधी नख फिरवून बघावं लागतं. आठवी शिकलेली बाई माझ्याकडे हे दोन दिवसांत शिकते.

मुलगी चार महिन्यांची असताना तिचे गाल खरबरीत झाले. मग कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खाचा, मग मान. शेजारणींनी आपापली निदानं केली. कुणी नायटा म्हणालं, कुणी उष्णता म्हणालं. एकीने आपल्या मुलीला माझ्या मुलीजवळ बसू दिलं नाही, लागण होईल म्हणून. इसब एकाचं दुसऱ्याला लागत नाही, हे मी त्या बाईला जिन्यात उभं करून, बाकीच्या मजल्यांनाही ऐकू जाईल असं सांगितलं. सांगवीपासून चिंचवडपर्यंत एक डॉक्टर सोडला नाही. वय वाढलं की जाईल, असं प्रत्येक जण म्हणाला. वय वाढलं, इसबही वाढलं. बारावीला येईपर्यंत तिची मान आणि पायांच्या खाचा चामड्यासारख्या जाड झाल्या होत्या. बोटांच्या सांध्यांवर भेगा पडायच्या, दोन पानं लिहिली की पेन रक्ताने चिकट व्हायचं. चादरीवर सकाळी रक्ताचे बारीक ठिपके असायचे. ते मी धुवायचे, आणि ती मला धुताना बघायची.

मग शेडमधल्या एका बाईने एका मोठ्या दवाखान्याचं सांगितलं. ही बाई तळवड्यातल्याच जुन्या घरातली, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिच्या सासऱ्यांच्या ज्वारीच्या रानात आता गाड्यांचं पार्किंग आहे. घरी बसवत नाही म्हणून ती माझ्याकडे कामाला येते आणि शेडमध्ये तिच्यासारखी नजर दुसऱ्या कुणाची नाही. ती म्हणाली, "माझ्या नंदंच्या पोराला तितं इंजेक्शन देत्यात. धा वर्सांचं खाजवणं थांबलं त्याचं. पर आधी मोजत्यात. मोजून बसलं तरच देत्यात."

तिचं खरं होतं. इंजेक्शन महागडं, पण त्या दवाखान्यात काही पेशंटना एका योजनेतून मिळायचं. योजनेत नाव घालायला इसबाचा आकडा सोळाच्या वर पाहिजे. सोळाच्या खाली असाल तर मलम लावा आणि घरी बसा.

आता मी काय केलं ते सांगते, कारण ते न सांगता नुसतं डॉक्टरांवर ओरडणं माझ्या हिशेबात बसत नाही.

कंपनीचं ऑडिट ठरलं की आम्ही आठ दिवस आधी तयारीला लागतो. जमिनीवरचे पिवळे पट्टे पुन्हा रंगवतो, बाद मालाच्या पेट्या मागच्या पत्र्याच्या खोलीत ढकलतो, बायकांना धुतलेले एप्रन देतो. आणि मी सगळ्यांना बजावते, विचारेल तेवढंच बोलायचं, आकडा विचारला तर माझ्याकडे बघायचं. एवढ्या वर्षांत अंगवळणी पडलेली गोष्ट आहे. कुणी बाहेरचा माणूस वही घेऊन तपासायला येणार म्हटलं की माझे हात आपोआप आवराआवर करायला लागतात.

तर दवाखान्याची तारीख मिळाल्यावर मी मुलीचं तेच केलं. मेडिकलवाला चिठ्ठी न मागता एक ट्यूब द्यायचा, ती लावली की दोन-तीन दिवसांत चट्टे बसायचे. चार दिवस ती सकाळ-संध्याकाळ चोळली. त्यावर खोबरेल तेल. नखं कापली. पूर्ण बाह्यांचा नवा ड्रेस घातला आणि सांगितलं, तिथे त्यांच्यासमोर खाजवत बसू नकोस. मोठ्या दवाखान्यात पोर नीटनेटकी दिसावी, आपण काळजी न घेणारी माणसं आहोत असं त्यांना वाटू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. चट्टे बसले तर आकडाही बसेल, हे माझ्यासारखीच्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

तपासणीच्या खोलीत पंचविशीतली एक डॉक्टरीणबाई होती. दमलेली दिसत होती. तिने मुलीला विचारलं, "गेल्या आठवड्यात खाज किती होती? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सगळ्यात जास्त."

मुलीने माझ्याकडे बघितलं.

मी विचारलं, "बाकीच्यांना किती असते?"

"बाकीच्यांचं सोडा मावशी. हिला किती?"

पहिला आकडा आपण सांगायचा नाही, ही माझी जन्माची सवय. आणि सांगावाच लागला, तर खराबीचा आकडा कमी सांगायचा. शंभरातले किती भाग बाद निघतात असं कंपनीवाला विचारतो तेव्हा आठ निघत असले तरी पाच सांगायचे, पुढचं पुढे बघू. तोंडातून निघून गेलं, "धरा पाच-सहा."

तिने सहा लिहिलं.

"काही लावलंय का अंगाला?"

"खोबरेल तेल," मी म्हणाले. ट्यूबचं बोलले नाही. आपल्या मनाने ट्यूब लावली म्हटलं की डॉक्टर ओरडतात, हा सतरा वर्षांचा अनुभव.

मग तिने मोजायला घेतलं. हे मोजणं मी पहिल्यांदाच बघत होते आणि खरं सांगते, सुरुवातीला मला आवडलं. अंगाचे चार भाग करायचे. डोकं-मान, हात, धड, पाय. पेशंटचा स्वतःचा तळहात बोटांसकट धरला तर तो सगळ्या अंगाचा साधारण शंभरावा भाग होतो. त्या तळहाताने बघायचं की कुठल्या भागावर किती चट्टे पसरलेत. मग प्रत्येक भागात चार गोष्टी बघायच्या. लाली, सुजून आलेला जाडपणा, खाजवल्याचे ओरखडे आणि कातडीचं चामडं होणं. प्रत्येकीला शून्य ते तीन गुण. मग गुणाकार, बेरीज. माप घेणाऱ्याने पेशंटच्याच हाताचं माप वापरावं, ही युक्ती ज्याने काढली तो आमच्या धंद्यातला असता तर मी त्याला ठेवून घेतला असता.

गुण देताना तिने मोबाईलवर फोटो उघडले. हाच त्यांचा लिमिट सॅम्पल. मी वाकून बघितलं. एक गुणाची लाली, दोन गुणांची, तीन गुणांची. सगळे हात गुलाबी. दुधासारख्या गोऱ्या पोरांचे हात, त्यांवर टोमॅटोसारखे चट्टे. त्यातला एकही हात आमच्या घरातला नव्हता, आमच्या बिल्डिंगमधला नव्हता, त्या दवाखान्याच्या रांगेतलाही नव्हता. माझी मुलगी माझ्यावर गेली आहे. आम्ही काळ्या आहोत.

"लाली एक," डॉक्टरीणबाई म्हणाली.

"एक कशी?"

"फार लाल दिसत नाहीये."

"लाल दिसणारच नाही ते. आमचं कातडं भडकलं की जांभळं पडतं, राखाडी पडतं. हात लावून बघा, तापलंय."

"मावशी, आम्हाला मोजू द्या."

वर एक ट्यूबलाईट, तीही पिवळट. खिडकीला हिरवा पडदा. मुलगी पडद्याच्या बाजूला पाठ करून बसलेली. असल्या उजेडात मी माझ्या बायकांना काळं रबर हातात घेऊ देत नाही. पण तिने मान, हात, पाठ, पाय सगळीकडे लालीला एक लिहिलं आणि बेरीज केली. अकरा पूर्णांक तीन.

"म्हणजे इंजेक्शन?"

"अजून नाही. सोळाच्या वर लागतो. हे मलम देते, आठ आठवड्यांनी परत या."

"सोळा करा."

तिला वाटलं मी गंमत करते आहे. "असं करता येत नाही, मावशी."

"का येत नाही? लाली तुम्ही उजेड नसताना बघितली. दोन करा सगळीकडे, बघा किती होतात ते."

"हा भाजीबाजार नाही."

भाजीबाजारात बाई वांगं उचलून, उलटं करून, देठाशी बघून घेते. एवढं तरी तुम्ही करा, असं मी म्हणाले. जरा मोठ्यानेच म्हणाले. रांगेतली माणसं दारातून डोकावायला लागली. सिक्युरिटीवाला आला. मुलीने माझा पदर धरून मला बाहेर ओढलं. रिक्षात घरापर्यंत बोलत होते ते मीच, रिक्षावाल्याशी, आणि तो बिचारा प्रत्येक चौकात "हो ना ताई" म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये माझी चिडचिड सगळ्यांनी ऐकली. दुपारी डबा खाताना त्या तळवड्याच्या बाईने विचारलं, "पोरीला न्हेताना काय लावलं व्हतं का?"

मी सांगितलं.

तिने भाकरीचा तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावून संपवला. "म्हंजी ऑडिट केलंसा. बाद माल मागच्या खोलीत."

बाकीच्या बायका डब्यात बघायला लागल्या. मी डब्याचं झाकण लावलं आणि उठले.

पण माझ्यासारख्या माणसाचं असं असतं, की एका बाजूने चुकलं की लगेच दुसऱ्या बाजूने ताणायचं. आठ आठवड्यांनी पुन्हा जायचं होतं. त्याच्या दहा दिवस आधी मी ठरवलं, आता काहीच लावायचं नाही. ना त्यांचं मलम, ना माझी ट्यूब, ना तेल. काय आहे ते सगळं दिसू दे त्यांना. बघू सोळा कसे होत नाहीत.

मुलगी म्हणाली, "आई, ट्यूब एकदम बंद केली की दुप्पट होतं. मागच्या दिवाळीत झालं होतं."

"म्हणूनच तर."

"तू राहून दाखव दहा दिवस असं."

"दहाच दिवस. मग आयुष्यभराचं सुटेल."

"प्रॅक्टिकल आहेत माझी."

"मी तुझ्यासाठीच करते आहे ना?" मी ओरडले. या वाक्यावर आमच्या घरात पुढचं बोलणं संपतं. तिने ट्यूब कपाटात ठेवली. मी ती काढून माझ्या पर्समध्ये टाकली. माझा विश्वास नव्हता तिच्यावर.

सहाव्या दिवशी गुडघ्यांमागून पाणी गळायला लागलं. सातव्या दिवशी मानेवर मधासारख्या पिवळ्या खपल्या धरल्या आणि अंगात ताप भरला. प्रॅक्टिकल बुडालं. आठव्या दिवशी, तारखेच्या आधीच, मी तिला घेऊन दवाखान्यात पोचले. आणि खोटं कशाला लिहू, रिक्षात तिचं कण्हणं ऐकताना माझ्या मनात एक विचार येऊन गेला की आज सोळाच काय, वीस होतील. तो विचार मी आजपर्यंत कुणाला सांगितला नाही.

या वेळी मोठे डॉक्टर होते. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेला. ती डॉक्टरीणबाई बाजूला उभी. त्यांनी खपल्या बघितल्या आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "मलम कुणी बंद करायला सांगितलं?"

"तुमच्या आकड्याने."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणालात?"

"बरी दिसली तर औषध नाही म्हणालात. म्हणून वाईट दिसू दिली. आता मोजा."

"आता काही मोजायचं नाही. हे पिकलंय. यात काढलेला आकडा इसबाचा नाही, जंतूंचा. आधी हे बरं करायचं. पंधरा दिवसांनी या. आणि घरी जे जे लावता, ते सगळं पिशवीत घालून आणा. सगळं." मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "बाई, हे रक्तात गेलं असतं तर पोर दवाखान्यात ॲडमिट झाली असती."

मला त्यांचा राग आला. राग आला कारण खरं बोलत होते. आणि राग आला कारण ही वेळ माझ्यावर आणणारा तो पहिला आकडा त्यांच्याच खोलीत निघाला होता आणि त्याबद्दल कुणी काही बोलत नव्हतं. त्या पंधरा दिवसांत मुलीने माझ्याकडून मलम लावून घेतलं नाही. पाठीला हात पोचत नसे, तर वडिलांना लावायला सांगायची. ते रात्रपाळी करून आलेले असायचे, डोळे मिटत मिटत लावायचे.

पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा माझ्या पर्समध्ये औषधांची पिशवी होती आणि आणखी एक पिशवी होती. मोठ्या डॉक्टरांनी औषधांची पिशवी टेबलावर पालथी केली. ट्यूब उचलली, चष्मा डोळ्यांवर आणून वाचली.

"पहिल्यांदा आलात तेव्हा ही लावली होती?"

मी तोंड उघडायच्या आत मुलगी म्हणाली, "चार दिवस. सकाळ-संध्याकाळ."

मी तिच्याकडे बघितलं. ती डॉक्टरांकडे बघत होती.

"म्हणून," ते त्या डॉक्टरीणबाईला म्हणाले. ती हसली नाही, पण तिचे खांदे सैल झाले. सगळं पाप माझ्या ट्यूबवर गेलं आणि खोली मोकळी झाली. ते मला सहन होईना.

"नुसतं म्हणून नाही," मी म्हणाले. पर्समधून दुसरी पिशवी काढली आणि त्यातले दोन भाग त्यांच्या टेबलावर ठेवले. एकाच साच्यातली दोन झाकणं, एक पांढरं, एक काळं. दोन्हींवर शेडमध्ये मी स्वतः एकाच सुईने, एकाच जोराने ओरखडा मारला होता. "यात खराब कुठलं ते सांगा."

"बाई, बाहेर साठ पेशंट आहेत."

"एक मिनिट लागतं. माझ्या बायकांना तेवढंही लागत नाही."

त्यांनी झाकणं हातात घेतली. पांढऱ्यावरचा ओरखडा लगेच दिसला. काळं त्यांनी ट्यूबलाईटखाली धरलं, फिरवलं. मग खुर्चीवरून उठले, खिडकीचा हिरवा पडदा सरकवला आणि काळं झाकण उजेडात तिरकं धरलं. ओरखड्यावरून नख फिरवलं.

"लाली एक लिहिली होती," मी म्हणाले. "सगळीकडे. इथे, या पडद्याच्या अलीकडे."

त्यांनी डॉक्टरीणबाईला विचारलं, "काळसर त्वचेवर लाली ठरवता येत नसेल तर काय करायचं?"

ती हळू म्हणाली, "एक पायरी वाढवून धरायची, सर."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. म्हणजे हे लिहिलेलं होतं. शिकवलेलं होतं. मला वाटत होतं मी काहीतरी नवीन घेऊन आले आहे, आणि यांच्या पुस्तकात ते आधीपासून बसून होतं. "मग ते शिकवलेलं ठेवलं कुठे होतं?" मी विचारलं. "सोळाची रेघ पाठ होती. ही एक पायरी तेवढी विसरली?"

डॉक्टरीणबाईचे डोळे भरले. मला वाईट वाटलं नाही. आता लिहिताना थोडं वाटतं, कारण तिच्या वयाची असताना मीही दिवसाला हजारो भाग बघायचे आणि सातव्या तासाला काय बघायचे ते माझं मला माहीत.

मोठ्या डॉक्टरांनी मुलीला खिडकीपाशी बसवलं. या वेळी ते स्वतः मोजत होते. बोटाने दाबत होते, चट्ट्याचा रंग शेजारच्या चांगल्या कातडीशी ताडून बघत होते. मोजून झाल्यावर त्यांनी एक छापील कागद मुलीच्या हातात दिला. गेल्या सात दिवसांत किती दिवस खाज होती, किती दिवस झोपमोड झाली, किती दिवस रक्त आलं, पाणी आलं, भेगा पडल्या, असे प्रश्न होते.

"हा हिने एकटीने भरायचा," ते म्हणाले. "तुम्ही बाहेर बसा."

"मी आई आहे तिची."

"माहीत आहे. बाहेर बसा."

मी मुलीकडे बघितलं. वाटलं, ती म्हणेल, राहू दे आईला. ती पेनचं टोपण काढत होती.

बाकड्यावर मी किती वेळ बसले कोण जाणे. शेजारी मांडीवर बाळ घेतलेली एक बाई होती, बाळाचे गाल तसेच, खरबरीत. ती मला काही विचारणार होती, पण माझं तोंड बघून बाळाचं टोपडं सारखं करायला लागली.

आत बोलावलं तेव्हा कागद डॉक्टरांच्या हातात होता. "सातपैकी सातही दिवस खाज. झोप सहा दिवस मोडलेली. रक्त चार दिवस." ते वाचत होते, मी ऐकत होते. "आणि दहापैकी खाज किती, ते मी तिला आता विचारलं. नऊ म्हणाली. तुमच्या पहिल्या केसपेपरवर सहा आहे."

मी मुलीला म्हणाले, "मला कधी नऊ म्हणाली नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस. तू सांगितलंस त्यांना."

ती चिडून बोलली नाही. चिडली असती तर मला बरं पडलं असतं, चिडलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते मला येतं.

त्या दिवशीचा आकडा साडेअठरा आला. योजनेत नाव गेलं, रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या, पुढच्या आठवड्यात पहिलं इंजेक्शन. मी उठताना डॉक्टरांनी विचारलं, हे काळं झाकण ठेवून घेऊ का, पोरांना शिकवायला. मी म्हणाले, घ्या. पांढरंही ठेवा, जोडीने लागतं.

रिक्षा स्टँडकडे चालताना मुलगी म्हणाली, "पुढच्या वेळेपासून मी एकटी येईन."

"निगडीला बस बदलावी लागते."

"बदलीन."

"त्यांनी उलटसुलट विचारलं तर?"

"उत्तर देईन."

"कागदावर आणखी काय काय लिहिलंस?"

"तुला नाही सांगणार. त्यातलं तू काहीतरी कमी करशील."

आता पाच महिने झाले. ती एकटीच जाते. मानेचं कातडं मऊ पडलंय, पेन चिकट होत नाही, चादरी मी साध्या साबणाने धुते. राग मात्र उतरलेला नाही. अकराचे साडेअठरा झाले, त्यातले किती माझ्या ट्यूबमुळे लपले होते आणि किती त्यांच्या पडद्यामुळे, याची वाटणी मी मनात कितीदा करून बघितली, दर वेळी वेगळी येते. ज्या दिवशी त्यांची चूक जास्त निघते त्या दिवशी मी शेडमध्ये बायकांवर ओरडते. माझी जास्त निघते त्या दिवशीही ओरडते.

गेल्या आठवड्यात ती तपासणी करून आली. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते.

"मोजलं का?"

"मोजलं."

"किती?"

"उतरलाय."

"उतरलाय म्हणजे किती?"

"आई."

मी तव्यावरची भाकरी उलटली. ती हात धुऊन माझ्या शेजारी आली, बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि पुढची भाकरी थापायला घेतली.